पुंगळीची साक्ष

एका पुस्तकातली एक यादी मी गेली सहा-सात वर्षं अधूनमधून उघडून वाचतो. यादी फुटलेल्या बंदुकांची आहे. बंदुकीचा क्रमांक, ती कुठल्या कारखान्यात कधी घडली, काडतूस कसलं होतं, कुठला भाग उडाला आणि ती खांद्याला लावणाऱ्याचं काय झालं. मग पुढची नोंद. पुन्हा क्रमांक, साल, काडतूस, जखम. पहिल्यांदा वाचताना हे नुसतं रजिस्टर वाटलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं, की लिहिणाऱ्यानं प्रत्येक जखमी माणसाची नोंद त्याच निगुतीनं केली आहे आणि कुठंही शब्द वाया घालवलेला नाही. हळहळ करायची तर कारण शोधून करायची, असा त्या लेखणीचा बाणा आहे.

पुस्तकाचं नाव ‘हॅचर्स नोटबुक’. लेखक अमेरिकी सैन्यातले मेजर जनरल ज्युलियन हॅचर. जन्म १८८८ चा, मृत्यू १९६३ चा. १९०९ साली नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडलेला हा माणूस पुढं सैन्याच्या शस्त्रास्त्र विभागात आला आणि तिथंच रमला. निवृत्त झाल्यावर ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाचा तांत्रिक संपादक झाला. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९४७ ची. नावाप्रमाणंच ती वही आहे. मशीनगनचा इतिहास, बंदुकीचा धक्का, आकाशात उडवलेली गोळी परत पडते तेव्हा तिचा वेग किती असतो, पोलाद, दारू, गंज, सगळं एका बासनात बांधलेलं. मला मात्र त्यातली तीन प्रकरणं विलक्षण वाटतात, कारण ती वाचण्याबद्दल आहेत. काहीतरी घडून गेलं आहे, समोर फक्त खुणा उरल्या आहेत, त्या कशा वाचायच्या?

मी आयुष्यभर भोसरीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात हीट ट्रीटमेंटचं काम केलं. बंदुकांशी माझा संबंध शून्य. निवृत्तीनंतर लेकीकडे, ओहायोत एरी सरोवराच्या काठी, जाऊन-येऊन असतो. शेजारचे गृहस्थ निवृत्त टूलमेकर. त्यांच्या तळघरात एक लाकडी बाक आहे आणि त्यावर काडतुसं भरायचं हातयंत्र. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली एम-वन गॅरंड ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. तिची काडतुसं ते स्वतः भरतात. आपल्याकडे हा छंद होऊच शकत नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. तिकडे मात्र हे काम लोक शिवणकामाच्या चिकाटीनं करतात. ते पुस्तक मला त्यांनीच दिलं. म्हणाले, तुम्ही भट्टीवरचे ना, मग हे तुमचंच आहे.

काडतूस म्हणजे चार गोष्टी. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त अशा पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, तोंडाशी गोळी. गोळी जाते, दारू जळते, टोपी विझते; पुंगळी उरते आणि ती पुन्हा भरता येते. गॅरंडचं काडतूस .३०-०६. त्यातले शेवटचे दोन आकडे १९०६ सालचे. त्यातला दाब चढू शकतो दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत. गाडीच्या टायरात तो तीस-पस्तीस असतो. ६०,००० ही अमेरिकी उत्पादकांच्या संस्थेनं आखलेली मर्यादा आहे, आणि तळघरातल्या बाकावर ती मोजायचं साधन नाही. म्हणून रिकामी पुंगळी उचलायची, उजेडात धरायची आणि वाचायची. आत काय होऊन गेलं, याची ती एकटी साक्षीदार असते.

सूर्याची कथा

पहिला उतारा पहिल्या महायुद्धातला आहे. स्प्रिंगफील्ड इथल्या सरकारी कारखान्यात १९०३ नमुन्याच्या रायफली बनत होत्या. १९१७ साली काही रायफली फुटल्या आणि चौकशी सुरू झाली. आधी संशय काडतुसांवर गेला आणि तो खोटाही नव्हता. काही पुंगळ्यांची बुडं मऊ होती, ती फाटली आणि गॅस मागं आला. पण पुंगळी फाटली म्हणून बंदुकीचा पोलादी देह काचेसारखा का फुटावा? हॅचर आपल्याला इथून घणशाळेत नेतात.

तिथं रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचा तो पोलादी देह, घडवणारे कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग बघून तापमान ठरवत. आधी गुंजेसारखा लाल, मग शेंदरी, मग नारिंगी, मग पिवळसर. कुठल्या रंगाला घण घालायचा हे त्यांच्या डोळ्यांना पाठ होतं. मग तिथं पायरोमीटर आणले आणि उलगडलं ते असं. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं लोखंड डोळ्याला मंद दिसतं, ढगाळ दिवशी तेच लोखंड झगझगतं. कारागीर रोज तोच रंग आणत होते. पण उन्हाच्या दिवशी तो रंग दिसायला पोलाद अंधाऱ्या दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापवावं लागत होतं. ते पोलाद जळत होतं. घडाईतच जळालेल्या पोलादाला पुढं कितीही नीट पाणी दिलं तरी त्याचा ठिसूळपणा जात नाही.

हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आमच्या शेडवर एका वर्षी काही पत्रे काढून उजेडासाठी पारदर्शक पत्रे टाकले होते. सगळ्यांना बरं वाटलं. त्यानंतर काही महिन्यांनी एका लॉटचे तुकडे मोडून पाहिले तर दाणा मोठा दिसला, साखरेसारखा. आम्ही पोलाद पुरवणाऱ्यावर ठपका ठेवला. भट्टीवरचे जुने मिस्त्री मात्र म्हणत होते, “साहेब, हल्ली रंग उतरलेला दिसतो.” ते काय सांगत होते, हे मला ओहायोत बसून, वीस वर्षांनी, एका जनरलच्या वहीतून कळलं. गावातला लोहार भाता अंधाऱ्या खोपटात का ठेवतो, तेही त्याच दिवशी कळलं.

या उताऱ्याची थोरवी नुसत्या शोधात नाही, सांगण्याच्या रीतीत आहे. हॅचर कारागिरांना दोष देत नाहीत. त्यांचा डोळा तयार होता, नजर इमानी होती. बदलत होता तो उजेड. खूण बघणाऱ्याच्या कौशल्याइतकीच, खूण कुठल्या उजेडात बघितली ही गोष्ट महत्त्वाची असते, हे ते एका घणशाळेवरून शिकवतात. मग येतात आकडे. स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० क्रमांकाच्या आधीच्या आणि रॉक आयलंड या दुसऱ्या कारखान्याच्या २,८५,५०७ च्या आधीच्या रायफलींचे रिसीव्हर जुन्या पद्धतीचे. १९१८ पासून पोलादाला दुहेरी हीट ट्रीटमेंट मिळू लागली. कोरडे वाटणारे हे आकडे म्हणजे उंबरठे आहेत. अलीकडची आणि पलीकडची बंदूक दिसायला जुळी असते. आणि लक्षात ठेवण्यासारखं आणखी एक: ठिसूळ रिसीव्हर वर्षानुवर्षं चालत राहतो. पुंगळी शाबूत राहते तोवर त्याचा ठिसूळपणा उघड होत नाही. ती फाटते त्या दिवशीच तो दिसतो. ती पितळी भिंतच खरी तटबंदी असते.

कथिलाची कथा

दुसरा उतारा १९२१ चा, आणि घडला तो माझ्या लेकीच्या घराजवळच, कॅम्प पेरीच्या मैदानावर. देशभरचे नेमबाज तिथं राष्ट्रीय स्पर्धांना जमतात. त्या काळी गोळीवरचं आवरण तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं असे आणि ते नळीत गुठळ्या सोडून जाई. म्हणून नेमबाजांनी गोळ्या ग्रीसमध्ये बुडवून झाडायची सवय लावून घेतली होती. १९२१ च्या स्पर्धेसाठी सरकारी कारखान्यानं वेगळा उपाय काढला: गोळीला कथिलाचा मुलामा. नळी स्वच्छ राहू लागली. ग्रीसची गरजच उरली नाही, आणि या काडतुसांना ग्रीस लावू नका असं बजावलंही गेलं. तरी सवय ती सवय. काहींनी लावलं, आणि बंदुका फुटल्या.

हॅचर इथं दोन धागे सोडवतात. कथिलाचा मुलामा कालांतरानं पुंगळीच्या गळ्याला थंडपणीच चिकटून बसत होता, झाळल्यासारखा. एरवी दाब चढला की गळा थोडा फुगतो, पकड सुटते, गोळी निघते. पण गळ्याभोवती ग्रीस भरलेलं असेल तर फुगायला जागाच नाही. आत गोळी कथिलानं धरलेली, बाहेर गळा ग्रीसनं कोंडलेला. मधल्या क्षणात दाब चढत राहतो.

ग्रीस न लावता तीच काडतुसं चांगली चालत होती. एकाला दोष दिला असता तर प्रकरण लवकर मिटलं असतं. हॅचर घाई करत नाहीत. मिश्रणात दोष असू शकतो, सुट्या घटकात नाही, ही गोष्ट औषध देणाऱ्या वैद्याला आणि स्वयंपाक करणाऱ्या आईला ठाऊक असते. यंत्राच्या चौकशीत ती मांडायला मात्र धीर लागतो. घरी काडतूस भरणाऱ्यासाठी हा उतारा म्हणजे कायमचा इशारा आहे. दारू तीच, वजन तेच, फक्त गोळी बदलली किंवा टोपीचा मेक बदलला, तरी ते काडतूस नवं असतं. मागची साक्ष त्याला लागू होत नाही.

टोपीची कथा

तिसरा विषय मला सगळ्यांत प्रिय. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत पुंगळीचं काय काय होतं, हे क्रमानं पाहणं. सारा प्रकार सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत आटपतो, पण नीट उलगडला तर त्याला नाटकाचे अंक दिसतात.

फायरिंग पिन टोपीवर आदळते. त्या धक्क्यानं पुंगळी, चेंबरमध्ये म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत पुढं जेवढी फट असेल तेवढी, सरकते. टोपी पेटते आणि स्वतःच्याच दाबानं खोबणीतून मागं येऊन, चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या तोंडाला टेकते. दारू धरते, पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला चिकटतात. दाब आणखी चढतो तेव्हा जाड बूड ताणलं जाऊन मागं येतं, बोल्टला भिडतं, आणि बाहेर आलेली टोपी पुन्हा खोबणीत चेपली जाते. चेपताना तिच्या गोल कडा पसरतात.

आता रिकामी पुंगळी हातात घ्या. टोपी सपाट दिसते आहे. दाब जास्त झाला का? असेल. पण फट जास्त असेल, तर टोपी बाहेर येऊन परत चेपली गेली म्हणूनही ती सपाट होते, दाब बेताचा असतानाही. उलट कधी टोपी बुडाच्या पातळीबाहेर डोकावताना दिसते आणि नवखा माणूस घाबरतो. वास्तविक ती खूण बहुधा कमी दाबाची असते: बूड मागं आणायला लागतो तेवढा दाब चढलाच नाही, म्हणून टोपी बाहेरच राहिली. दिसतं ते आणि असतं ते यांत असं अंतर आहे.

आपल्या न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे, सव्यभिचार हेतू. जी खूण अग्नी असतानाही दिसते आणि नसतानाही, ती अग्नीचा पुरावा होत नाही. डोंगरावर धूर आहे म्हणून आग आहे, हे अनुमान पक्कं; पण सकाळचं धुकं धूर समजून आग आग म्हणून ओरडणं हा आभास. टोपीच्या खुणांत अर्धं धुकं असतं. पिनभोवती टोपीचा धातू वर येऊन विवर झालं, तर ते दाबानं झालेलं असेल किंवा बोल्टमधलं पिनचं भोक सैल असेल. टोपीला भोक पडलं, तर दाब असेल किंवा पिनचं टोक धारदार असेल. एका मेकची टोपी मऊ, दुसरीची टणक; एकाच दाबाला एक चपटते, दुसरी जशीच्या तशी.

बुडाच्या खुणा जास्त विश्वासू, कारण पुंगळीचं बूड मुद्दाम कठीण ठेवलेलं असतं. त्यावर, पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरच्या भोकाचा लखलखीत ठसा उमटला, म्हणजे पितळ त्या भोकात वाहू लागलं. टोपीची खोबणी सैल झाली, इतकी की नवी टोपी बोटानं बसते, म्हणजे बूडच फाकलं. या साक्षीदाराला सहसा दुसरी बाजू नसते. आणखी एक खूण मात्र वेगळ्या प्रकरणातली: बुडाच्या थोडं वर दिसणारी उजळ कडी. ती सांगते की पुंगळी ताणली जाते आहे आणि तिथं कधीतरी तुटेल. हा दोष फटीचा असतो, किंवा पुंगळी पुन्हा मापात आणताना तिचा खांदा गरजेपेक्षा मागं ढकलल्याचा. दारू कमी करून तो जाणार नाही. खूण बरोबर वाचली तरी आजार चुकीचा ठरवला, असं इथं फार होतं.

हात नसलेली बंदूक

साध्या बोल्टच्या रायफलीत एक साक्षीदार माणसाच्या शरीरातच असतो, त्याचा तळवा. दाब जास्त झाला तर बोल्ट उचलायला जड जातो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तो हात काढून घेतलेला असतो. जॉन गॅरंड, हॅचर यांच्याच वर्षी, १८८८ साली, कॅनडात जन्मलेला माणूस. त्याची रायफल सैन्यानं १९३६ साली स्वीकारली, आणि १९४८ साली हॅचर यांनी तिच्यावरही एक अख्खं पुस्तक लिहिलं. तिच्या नळीच्या टोकाजवळ एक बारीक भोक आहे. गोळी त्यापुढं गेली की थोडा गॅस तिथून उतरतो, ऑपरेटिंग रॉड मागं ढकलतो, बोल्ट फिरून उघडतो, पुंगळी बाहेर फेकली जाते, नवं काडतूस आत. आठ वेळा. पुंगळी अडकत होती का, ओढताना जोर लागला का, हे बंदुकीला कळतं; माणसाला नाही.

म्हणून इथं वाचन बाकावर सुरू होत नाही, मैदानावर सुरू होतं. पुंगळी कुठल्या दिशेला आणि किती लांब पडली? नेहमीच्या जागी पडणाऱ्या पुंगळ्या एकदम दुसरीकडे उडू लागल्या का? काठ वाकला आहे का, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरनं काठाचा लचका तोडला आहे का? बोल्ट उघडताना आत दाब शिल्लक असेल, तर पुंगळी अजून भिंतींना धरून असते आणि एक्स्ट्रॅक्टर तिला ओरबाडून काढतो. पण या खुणांनाही पाठभेद आहेत. स्प्रिंग थकली असेल, भोक झिजून मोठं झालं असेल, चेंबर खरबरीत असेल, तरी हेच दिसतं. इजेक्टरचा पुसट ओरखडा तर गॅरंडसारख्या रायफलीत बेताच्या काडतुसालाही उमटू शकतो, कारण इजेक्टर बोल्टच्या तोंडातच स्प्रिंगवर बसलेला असतो आणि पुंगळीला सतत रेटत असतो.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट. गॅरंडमध्ये दाब दोन ठिकाणी मोजावा लागतो: चेंबरमध्ये आणि त्या भोकापाशी. सावकाश जळणारी दारू जड गोळीमागं वापरली, तर चेंबरमधला दाब मर्यादेत राहतो. पण गोळी भोकापाशी पोचते तेव्हाही गॅस जोरात असतो. रॉडला बसणारा फटका वाढतो आणि तो वाकतो. पुंगळी उचलून बघा: टोपी गोल, बूड स्वच्छ, खोबणी घट्ट. ती खरंच बोलते आहे. तिला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. चेंबरमध्ये काय झालं एवढंच तिनं पाहिलं; नळीच्या टोकाशी ती नव्हती.

उशिरा बोलणारी

इतकं वाचल्यावर मनात जमतं ते एक वाक्य आहे आणि घरी काडतूस भरणाऱ्या प्रत्येकानं ते बाकासमोर टांगावं, असं मला वाटतं: पुंगळी खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलते. पितळेवर खूण उमटते ती पितळ हार मानतं तेव्हा, आणि चांगलं पितळ मर्यादा ओलांडल्यावरही बराच वेळ हार मानत नाही. म्हणून खूण दिसली तर दाब जास्त असू शकतो. खूण नाही म्हणून दाब ठीक आहे, असं कधीच म्हणता येत नाही. पोलादाच्या बाबतीतही हेच. माझ्या मिस्त्रींना रंग उतरलेला दिसला, तोवर लॉट जळून गेला होता.

म्हणूनच प्रयोगशाळेत मोजून छापलेली दारूची कोष्टकं हा मूळ ग्रंथ आणि पुंगळी हे त्यावरचं भाष्य. खालच्या मात्रेपासून सुरुवात, बारीक पायऱ्या, पहिल्याच शंकेला थांबणं आणि मागं येणं, कोष्टकातल्या वरच्या आकड्यापलीकडे कधीही न जाणं. गोळीचा वेग मोजणारं क्रोनोग्राफ असेल तर तेही एक साक्षीदार: वेग कोष्टकापेक्षा जास्त निघाला, तर तो दाबाशिवाय आलेला नाही.

हॅचर यांच्या काळी प्रयोगशाळाही काही प्रमाणात पुंगळीसारखीच वाचन करत असे. बंदुकीच्या चेंबरला भोक पाडून एक छोटा तांब्याचा दंडगोल बसवायचा, काडतूस उडवायचं आणि तांबं किती चेपलं ते मोजायचं. त्या पद्धतीत .३०-०६ ची मर्यादा ५०,००० लिहिली जाते. आज स्फटिकाच्या सेन्सरनं मोजल्यावर तिचाच आकडा ६०,०००. बंदूक तीच, काडतूस तेच; मोजणारा बदलला. जुनी आणि नवी पुस्तकं शेजारी ठेवून आकडे मिसळणारा माणूस उन्हातल्या त्या घणशाळेत उभा असतो.

पुस्तकात उणिवा आहेत. ते सलग वाचता येत नाही. एकच प्रकरण दोन-तीनदा भेटतं, आणि कधी एखादा विषय अर्ध्यावर सोडून लेखक दुसऱ्याच खोलीत निघून जातो. सैन्यानं जुन्या रायफली लगेच बाद केल्या नाहीत, त्या दुरुस्तीला परत येतील तेव्हा काढायच्या असं ठरलं. त्या निर्णयाबद्दल वाचताना मला वाटतं, इथं या माणसानं आवाज थोडा चढवायला हवा होता. पण त्याचा आवाज हाच त्याचा गुण आहे. पुढं त्या रायफलींच्या रिसीव्हरवर डाव्या बाजूला, गॅसला सुटायला वाट म्हणून, एक भोक पाडलं गेलं. त्याला आजही हॅचर यांचं नाव आहे.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. शेजाऱ्यांबरोबर मैदानावर गेलो होतो. आठ गोळ्या झाल्या, टण्ण असा आवाज करून काडतुसं धरणारी रिकामी क्लिप उडाली. त्यांनी निशाण्याकडे पाहिलं नाही. गवतातून पुंगळ्या वेचल्या आणि तळघरात आल्यावर लाकडी ठोकळ्यात बुडं वर करून ओळीनं लावल्या. दिव्याखाली एकेक फिरवून पाहिली. सहावीवर थांबले. बुडाच्या अक्षरांवरून एक बारीक, चंद्रकोरीसारखी चमक गेली होती. बाकी सातांवर काही नाही.

ते बोलले नाहीत. मलाच बोट ठेवू दिलं. मी म्हणालो, “दाब?” त्यांनी खांदे उडवले. बंदुकीचा दोष असता तर आठांवर दिसला असता, म्हणून आधी काडतुसाकडे वळले. बुडावरची अक्षरं वाचली. सहावी पुंगळी दुसऱ्या कारखान्याची निघाली, डब्यात कशी मिसळली कोण जाणे. सगळ्यांच्या टोप्या काढून पुंगळ्यांचं काट्यावर वजन केलं. सहावी बाकीच्यांपेक्षा जड भरली. भिंत जाड, म्हणून आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. सगळं जुळत होतं.

तरी त्यांनी वही उघडली तेव्हा पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. तारीख, दारू, गोळी, टोपी, हवामान, आठ पुंगळ्यांचं वजन. ‘कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘बहुधा जाड पुंगळी’. मग त्या दिवशी भरलेली उरलेली चाळीसेक काडतुसं बाकावर ओतली आणि एकेक उघडायला बसले. गोळ्या एका वाडग्यात, दारू तिच्या डब्यात परत. शेवटचं काडतूस सुटलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता.